आमोदच्या बुटांबाबत

जबाब, दिनांक १८ नोव्हेंबर २०१७, शनिवार. ठिकाण : पोलीस चौकी, खराडी परिसर, पुणे.

माझे नाव श्यामला दिगंबर घारपुरे, वय ६६ वर्षे, धंदा – सेवानिवृत्त, पूर्वी फोमच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी. राहणार – खराडी, पाचवा मजला, मुलाच्या नावावरील सदनिकेत. मूळ राहणार कसबा पेठ. घरात राहणाऱ्या व्यक्ती – मी. हवालदार भीमराव यांनी ‘आणखी?’ असे विचारले. आणखी कोणी नाही.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मला चौकीत कोणी बोलावलेले नाही. मी रिक्षा करून आपण होऊन आले. आज सकाळी माझ्या घरातून ज्या मुलाला जीपमध्ये घालून इथे आणले त्याचे नाव वैजनाथ माधवराव पवळे आहे. तो चोर नाही. हे पहिल्या ओळीत लिहा असे मी सांगितले होते, पण पहिली ओळ नाव-गावाची असते असे हवालदार म्हणाले. असू दे. नियम तो नियम.

हवालदारांनी आधी ‘सदर अनोळखी इसम’ असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. अहो, गेलं वर्षभर जो दर शनिवारी माझ्या हातचं खातो तो अनोळखी कसा? तेव्हा माझं बोलणं माझ्याच शब्दांत लिहा, अशी मी विनंती केली. पोलीस उपनिरीक्षक प्रियदर्शनी मॅडम समोर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “लिहा हो भीमराव, त्या सांगतील तसं लिहा.” म्हणून इथून पुढे मी सांगते तसं.

आज अकराच्या सुमारास मी स्वयंपाकघरात थालीपीठ लावत होते. वैजनाथ हॉलमध्ये चालत होता. त्याच्या पायात माझ्या मुलाचे, आमोदचे, तपकिरी बूट होते. दारावरची बेल वाजली. उघडते तो वॉचमन, त्याच्यामागे आमच्या सोसायटीचे चेअरमन आणि चेअरमनांच्या मागे दोन पोलीस. मी म्हटलं, गणपतीची वर्गणी तर देऊन झाली. कोणी हसलं नाही. चेअरमन म्हणाले, “मावशी, तुम्ही ठीक आहात ना? अमेरिकेतून आमोदचा फोन आला. घरात कोणीतरी शिरलंय म्हणाला.” तोवर पोलिसांनी वैजनाथचं मनगट धरलं होतं. त्याला तिथेच दारात बसवून बूट काढायला लावले. का, तर ते चोरीचा माल आहेत. त्याच्या स्वतःच्या चपला दाराबाहेर स्टँडवर होत्या. त्या घालू द्या असं मी दोनदा म्हटलं, पण घाई होती. तो अनवाणी जिना उतरला. जाताना त्याने मागे वळून एवढंच विचारलं, “काकू, हे असं कामून?” आत तव्यावर थालीपीठ जळून कोळसा झालं होतं.

आता आमोदने कुठून पाहिलं ते सांगते. आमोद माझा एकुलता एक मुलगा. सॉफ्टवेअरमध्ये आहे. आधी हिंजवडीत होता, सहा वर्षांपूर्वी अमेरिकेत गेला. मागच्या वर्षीच्या दिवाळीत आला तेव्हा टीव्हीच्या वर कॅमेरा लावून गेला. मी पडले-बिडले तर त्याला तिकडे फोनवर दिसावं म्हणून. हेतू चांगला आहे, मी नाही कुठे म्हणते? त्या कॅमेऱ्यात आवाज जात नाही, फक्त चित्र जातं. पलीकडे कोणी बघत असेल तर त्यावर बारीक निळा दिवा लागतो, असं आमोदने मला दाखवून ठेवलं होतं. पहिले काही महिने मी सकाळचा चहा त्या कॅमेऱ्यासमोर बसूनच घेत असे. निळा दिवा मी फारसा लागलेला पाहिला नाही. त्यालाही कामं असतात.

आज मात्र लागला. वैजनाथ चालत होता, मी पीठ भिजवता भिजवता स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, तर दिवा निळा. मला आनंद झाला. हे लिहा. मी वैजनाथला म्हटलं, “अरे, आमोद बघतोय. हात कर त्याला. मी आलेच.” आणि आत गेले. अंगावर घरातला गाऊन होता, केस पिठाच्या हाताने विस्कटले होते, मुलासमोर असं जाऊ नये म्हणून साडी नेसायला गेले. नेसून, केस विंचरून बाहेर आले तोवर दिवा विझला होता. म्हणून परत तव्याकडे गेले. तेवढ्या वेळात आमोदला काय दिसलं ते मला आता समजतंय. आपल्या घरात, आपले बूट घालून एक परका माणूस फिरतोय आणि वर हात हलवून दाखवतोय. आई कुठेच नाही. त्याने मला फोन लावला होता. माझा फोन पर्समध्ये आणि सायलेंटवर. तो कसा जातो सायलेंटवर ते मला कळत नाही, जातो. तेव्हा आमोदने चेअरमनांना लावला आणि चेअरमनांनी आपल्याला. आमोदची चूक आहे असं मी म्हणत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

वैजनाथची ओळख कशी झाली, असं मॅडमनी विचारलं. गादीवरून झाली. तो मूळचा नांदेडकडचा, लोहा तालुक्यातला. खराडीतच एका कंपनीत कंत्राटावर टेस्टिंगचं काम करतो आणि आमच्या खालच्या मजल्यावर तीन मुलांबरोबर भाड्याने राहतो. मागच्या वर्षी, दिवाळी संपून आमोद परत गेल्यानंतर, हा मुलगा लिफ्ट बंद म्हणून डोक्यावर फोमची गादी घेऊन जिना चढत होता. मी वरून येत होते. मी विचारलं, “डेन्सिटी किती?” तो बिचारा घाबरलाच. म्हणाला, “काकू, दुकानदार चाळीस बोलला.” मी तिथेच जिन्यात ती गादी अंगठ्याने दाबून पाहिली. चांगला फोम दाबून सोडला की चटकन वर येतो. हिच्यात माझ्या अंगठ्याचा खळगा तसाच राहिला आणि बोटाला पांढरी पूड लागली. खडू. वजन भरावं म्हणून कालवतात. मी म्हटलं, “बाळा, तुला टोपी घातली. सहा महिन्यांत तू आणि फरशी, मध्ये कोणी नाही.” तो हसला. लिफ्टमध्ये तोंड फिरवून उभे राहणारे पुष्कळ आहेत आमच्या सोसायटीत, हा हसला. दुसऱ्या दिवशी गादी बदलून घेताना काय बोलायचं ते विचारायला वर आला, ते मी त्याला शिकवलं. गादी बदलून मिळाली. मग येत राहिला.

हे मला कसं कळतं, तर माझं आयुष्य त्यात गेलं. मॅडम म्हणाल्या, थोडक्यात सांगा. थोडक्यात सांगते. पॉलियुरेथेन म्हणतात त्याला. दोन द्रव असतात. एक पॉलिऑल, मधासारखा घट्ट, गरीब स्वभावाचा. दुसरा आयसोसायनेट, तो भलताच तापट. त्याचा ड्रम उघडा ठेवायचा नाही, हवेतल्या दमटपणाशीसुद्धा तो भांडण काढतो. दोघांना एकत्र घातलं की एकमेकांचे हात धरतात ते कायमचे. त्यात थोडं पाणी घातलं की आयसोसायनेट पाण्याशी लागून वायू सोडतो, आपल्या सोड्याच्या बाटलीत असतो तोच, आणि सगळं ढोकळ्यासारखं फुगून वर येतं. तो फोम. मी प्रयोगशाळेत हेच करायची. कागदी पेल्यात दोन्ही ओतायचं, ढवळायचं, हातात घड्याळ धरून बघायचं. आधी दुधाळ होतं, मग चढतं, मग पेल्याच्या वर टोपी येते, मग बोट लावून बघायचं चिकटतं का. कसब्यातून भोसरीला बसने जायचे. एक्याण्णव सालानंतर मोटारींचे कारखाने वाढले, सीटांच्या ऑर्डरी आल्या, आमच्या दोन पाळ्यांच्या तीन झाल्या. पुण्यातल्या रस्त्यांवर जे बसून जातात त्यातले कितीतरी माझ्या पेल्यातून पास झालेल्या फोमवर बसले असतील. त्यांना माहीत नाही. असायचं कारणही नाही.

आणि तो नुसता गादीत नसतो. फ्रिजच्या दोन पत्र्यांमध्ये असतो, म्हणून दूध नासत नाही. खिडकीच्या चौकटीभोवती फवारतात, तो फुगून फट बुजवतो. जेवणाच्या टेबलावरची चकाकी तोच. भांडी घासायचा स्पंज तोच. स्टेअरिंगचं चाक, क्रिकेटचे पॅड, बुटांचे तळवे, सगळं तोच. मॅडम, तुम्ही बसला आहात त्या खुर्चीच्या फाटक्या रेक्झिनमधून जे पिवळं डोकावतंय ते पूर्वी पांढरं होतं. उजेडाने पिवळं पडतं. त्यावर मॅडम जरा सरकून बसल्या. हवालदारांनी विचारलं, हे पण लिहू का? मी म्हटलं, लिहा, आता बुटांवरच येतेय.

माझे यजमान दिगंबर. ते बँकेत होते. तीन वर्षांपूर्वी गेले. निवृत्तीनंतर त्यांनी सकाळी फिरायला जायचं म्हणून चांगले बूट आणले, आणि गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून दहा वेळासुद्धा घातले नाहीत. ते खोक्यात घालून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून, डांबराच्या गोळ्या टाकून मी कपाटात ठेवले होते. मागच्या दिवाळीत आमोद आला होता तेव्हाच म्हटलं, कोणालातरी द्यावेत, उपयोगी पडतील. बाहेर काढले. वरून कोरे करकरीत. हातात घेतले तर तळवा भाकरीसारखा मोडला. काळा चिकट चुरा माझ्या हातात, साडीवर, फरशीवर. आमोद म्हणाला, “आई, टाकून दे ना, त्यात काय.” मी चुरा केरसुणीने भरला.

मला ते माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. पाण्याने हा फोम चढतो आणि पाण्यानेच शेवटी ढासळतो. बुटाच्या तळव्यात जो पॉलिऑल वापरतात त्याची कडी हवेतल्या ओलाव्याने हळूहळू सुटते. घातलेला, चाललेला बूट दाबला जातो, वाकतो, त्याला हवा लागते, तो पुष्कळ वर्षं जातो. जपून ठेवलेला आधी जातो. मी कारखान्यात पन्नास जणांना हे समजावून सांगितलं असेल आणि घरी येऊन नवऱ्याचे बूट पिशवीत बांधून ठेवले. काखेत कळसा, दुसरं काय.

आमोद परत गेला आणि मी दुसरं खोकं काढलं. आमोदचे बूट. तपकिरी, नऊ नंबर. अमेरिकेला जायच्या आधी त्याने घेतले, चार वेळा घातले, मग सामानाचं वजन जास्त होतंय म्हणून काढून ठेवले. “आलो की घालीन” म्हणाला. येतो तेव्हा तिकडचे घालून येतो. तळव्याला अंगठा लावून पाहिला. अजून धड होता, पण कडेला किंचित चिकटपणा आला होता.

म्हणून मी वैजनाथला विचारलं. तो चहा पीत बसला होता. मी विचारलं, “तुझ्या पायाचा नंबर काय?” म्हणाला, नऊ. मी म्हटलं, “एक काम कर. शनिवारी येतोस तर हे बूट घालून घरात चाल. बूट वापरात राहिले तर टिकतील.” तो म्हणाला, “काकू, मी बाहेर घालून जाऊ का? ऑफिसला घालतो, मस्त राहतील.” मी म्हटलं, नाही, घरातच. त्याने कारण विचारलं नाही. मोजे घालून आला. तेव्हापासून दर शनिवारी तो येतो, बूट घालतो आणि हॉलमधून आमोदच्या खोलीपर्यंत, तिथून परत, असा चालतो. कधी फोनवर घरच्यांशी बोलत चालतो. मी स्वयंपाकघरात असते. मग तो बूट काढून पुसून खोक्याशेजारी ठेवतो, खोक्यात घालायचे नाहीत हे मी त्याला सांगितलंय, मग आम्ही खातो आणि तो खाली जातो. माझ्या घरातून एक चमचा हललेला नाही. बूट टिकावेत म्हणून मीच त्याला हे सांगितलं होतं. यात त्याचा काही दोष नाही.

इतकं सांगून झाल्यावर मला वाटलं जबाब संपला. पण मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “काकू, एक सांगा. बूट टिकायला हवे होते तर तो म्हणत होता तसं ऑफिसला घालून जाऊ द्यायचं. रोज वापरले गेले असते, जास्त टिकले असते. घरातल्या घरात, आठवड्यातून एकदा, फरशीवर, असं का?”

मी म्हटलं, बाहेर धूळ असते. मॅडमनी पेन उचललं नाही. मी म्हटलं, खराडीतले रस्ते कसे आहेत तुम्हाला माहीतच आहे, सगळीकडे खोदकाम. चहा आला, तो मी घेतला.

मग त्यांनी आमोदला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिकडे रात्र होती, तरी जागाच होता. सुरुवातीला त्याचा आवाज रडवेला होता. “आई, तू बरी आहेस ना? फोन का उचलत नाहीस?” मी म्हटलं, बरी आहे, जेवलास का? मग तो मॅडमशी बोलला, ते इंग्रजीत होतं, पण मी काही इंग्रजी विसरलेले नाही. तो म्हणाला, माझी आई एकटी असते, त्याचा हा मुलगा फायदा घेतोय. आज बूट घालतोय, उद्या घराच्या किल्ल्या मागेल. फ्लॅट माझ्या नावावर आहे, मी परवानगी दिलेली नाही. मला तक्रार नोंदवायची आहे. मॅडमनी बुटांच्या तळव्यांबद्दल मी जे सांगितलं ते त्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “Madam, that's what worries me.” म्हणजे बूट जगावेत म्हणून परक्या पोराला घरात चालवणारी आई ताळ्यावर नाही, असं त्याचं म्हणणं. तळेगावच्या बाजूला वृद्धांसाठी एक चांगली सोय आहे, डॉक्टर चोवीस तास, तिथे मला ठेवायचं त्याने पाहून ठेवलंय, हेही मला तेव्हाच कळलं. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं की असंच होतं. पण तो रात्रीचा माझ्यासाठी जागा होता, हेही लिहा. तो वाईट मुलगा नाही.

मी म्हटलं, “आमोद, तो मुलगा मी बोलावला म्हणून येतो.” तो म्हणाला, “आई, बूट हवे तर दहा नवे घे, मी पाठवतो. पण हे काय? तू मला कधी सांगितलं का नाहीस?” मी म्हटलं, “तू विचारलं नाहीस.” हे बोलायला नको होतं, पण बोलले.

मॅडमनी फोन ठेवला आणि मला नीट समजावून सांगितलं. म्हणाल्या, “मुलाची तक्रार आली तर मला नोंद करावी लागेल. तुम्ही स्वतः बोलावलं आणि शुद्धीत बोलावलं असं तुमच्या जबाबात स्पष्ट दिसलं तर मी इथेच मिटवू शकते. पण ही बुटांची गोष्ट मी वर दाखवली तर तेही तुमच्या मुलासारखंच म्हणतील. कारण पटायला पाहिजे, काकू.”

वैजनाथ समोर बाकावर बसला होता. पाय बाकाखाली ओढून घेतले होते. सोमवारी तो नव्या नोकरीवर रुजू व्हायचा आहे, हिंजवडीत, कंत्राटावर नाही, कायम. आज त्याच आनंदात आला होता. त्याच्या वडिलांनी गावात पेढे वाटले आहेत. कंपनी रुजू करून घेताना पोलिसांकडून माहिती मागवते. नावावर एक ओळ जरी लागली तरी नेमणुकीचं पत्र परत घेतात, असं त्याने मला खालच्या आवाजात सांगितलं. मग म्हणाला, “काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका. बीपीची गोळी घेतली का सकाळची?” चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. बीपीची गोळी मी घेतली नव्हती. सकाळपासून हे एकट्या त्यानेच विचारलं.

हवालदारांनी इथवरचा जबाब मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचं वाचन चांगलं आहे, घाई करत नाहीत. मी डोळे मिटून ऐकलं. पुष्कळ दिवसांत मला कोणी काही वाचून दाखवलं नव्हतं. “बूट टिकावेत म्हणून मीच त्याला हे सांगितलं होतं” या वाक्याशी आले तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं की हे वाक्य चुकीचं आहे.

ते म्हणाले, “तुम्हीच सांगितलंत, बाई.” मी म्हटलं, हो, मीच सांगितलं. चुकीचं सांगितलं.

मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय सांगते. तळव्याचं रसायनशास्त्र मी सांगितलं ते खरं आहे, कुठल्याही तज्ज्ञाला विचारा. पण मॅडमचा प्रश्न बरोबर होता. बूटच वाचवायचे असते तर मी त्याला ते रस्त्यावर घालू दिले असते. पहिल्या शनिवारी तो हॉलमधून आमोदच्या खोलीकडे चालत गेला तेव्हा मी स्वयंपाकघरात पाठमोरी होते, आणि तो आवाज आला. टाच, चवडा, टाच, चवडा. आमोदचे दिवाळीचे दिवस सोडले तर दिगंबर गेल्यापासून त्या घरात माझ्या स्लिपरशिवाय दुसरं पाऊल वाजलेलं नाही. मी गॅस बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून. त्या आठवड्यात मी दोन वाट्या जास्त भात लावला. मला एकटेपणा खायला उठतो. हे मी आमोदला फोनवर कधी सांगितलं नाही, त्याच्या जिवाला तिकडे घोर नको म्हणून. बुटांचं सांगणं सोपं होतं, त्यातलं मला सगळं समजतं.

तरी ते वाक्य खोडून त्याजागी माझ्या हाताने असं लिहिते : “घरात कोणीतरी चाललेलं ऐकू यावं म्हणून मी वैजनाथला बोलावलं.” खाली सही केली आहे. मॅडमनी वाचलं आणि हे पुरेसं आहे असं सांगितलं. या जबाबाची प्रत आमोदला पाठवावी. त्याने ती शांतपणे वाचावी आणि मगच मला फोन करावा. फोन मी आता सायलेंटवरून काढून घेतला आहे, हवालदारांनी काढून दिला.

बुटांबाबत. ते टेबलावर पारदर्शक पिशवीत घालून लाखेने बंद करायची तयारी चालली होती. तसं करू नये. मुद्देमालाच्या खोलीत ते पावसाळाभरही टिकणार नाहीत. ते बूट वैजनाथ पवळे याला कायमचे दिले आहेत. आमोदला वाईट वाटलं तर मी समजावीन. सोमवारी त्याने ते घालून हिंजवडीला जावं, बसच्या रांगेत उभं राहावं, खोदलेल्या रस्त्यातून चालावं, रोज घालावेत. घरात घालून फिरायचं आता कारण नाही. त्याने ते इथेच, बाकावर बसून घातले. नाडी बांधताना त्याने विचारलं, “काकू, मग शनिवारी मी येऊ की नको?” मी म्हटलं, आलास तर चपला घालून ये, फटफट वाजतात तसल्या.

वरील सर्व मजकूर हवालदार भीमराव यांनी मला मराठीत पहिल्यापासून शेवटपर्यंत दुसऱ्यांदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाचा असं मीच सांगितलं. त्यात चूक राहिली नव्हती. खोडलेली एक ओळ आणि तिच्या जागी माझ्या हाताने लिहिलेली ओळ धरून जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे खरा आहे.

(सही) श्यामला दिगंबर घारपुरे